मद्रासच्या दप्तरातील प्राणी

ज्यांना पाठीचा कणा आहे ते पृष्ठवंशी प्राणी, आणि त्यांचे वर्ग पाच : मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी व सस्तन. एवढी व्याख्या आपण सर्वांनीच शाळेत पाठ केलेली असते. माशाला कल्ले, बेडकाला ओलसर त्वचा, सापाला कोरडे खवले, पक्ष्याला पिसे आणि सस्तनाला केस व दूध, अशी त्यांची लक्षणेही पाठ असतात. पाठ केलेल्या गोष्टीचा एक तोटा असा की, ती कोणीतरी, केव्हातरी, काही अडचणी सोसून ठरविली असेल, असा विचारच मनात येत नाही. वस्तुतः हे पाच कप्पे निसर्गाने आखून ठेवलेले नाहीत. ते माणसांनी आखले, अनेकदा पुसले आणि पुन्हा आखले. भारतापुरते बोलायचे तर या आखणीचा फार मोठा भाग मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, झाला. तो करणाऱ्यांत विद्यापीठांचे अध्यापक जवळजवळ नव्हते. होते ते कंपनी सरकारचे शल्यवैद्य, लष्करी अधिकारी आणि जिल्ह्याचा महसूल पाहणारे मुलकी नोकर. आणि त्यांना प्राणी आणून देणारे व प्राण्यांची नावे सांगणारे जे लोक होते, त्यांत धारवाडकडील वडारही होते. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

प्राण्यांची विभागणी करणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. चरकसंहितेत मांसाच्या गुणदोषांचा विचार करताना प्राण्यांचे आठ गट केले आहेत. बळाने ओरबाडून खाणारे ते प्रसह, पायांनी उकरून टिपणारे ते विष्किर, चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद, पाण्यात राहणारे ते वारिशय, अशी ही विभागणी आहे. ती आजच्या डोळ्यांनी पाहिली की मौज वाटते. प्रसहांमध्ये वाघ आहे, गाय आहे, उंदीर आहे आणि कावळा व गिधाडही आहेत. वारिशयांमध्ये मासा, कासव, खेकडा आणि शंख एकत्र नांदतात. म्हणजे पाठीचा कणा असणे वा नसणे या गोष्टीला तेथे काहीच महत्त्व नाही. परंतु म्हणून ती विभागणी अडाणीपणाची ठरत नाही. वैद्याला पथ्य सांगायचे होते. प्राणी कोठे राहतो आणि काय व कसे खातो, यावरून त्याच्या मांसाचा गुण ठरतो, अशी त्याची धारणा होती. जो प्रश्न विचारला त्याला साजेसे उत्तर मिळाले. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. तेथे मासे खवल्यांचे व बिनखवल्यांचे, समुद्रातले व नदीतले, मोठे व लहान असे वेगळे केले आहेत. गळ टाकून मासा खेळविणाऱ्या राजाला यापेक्षा अधिक काय हवे होते? वर्गीकरणामागे नेहमी कोणाची तरी गरज उभी असते, हे येथे ध्यानात ठेवावे, कारण पुढे मद्रासमध्येही तेच दिसून येईल.

युरोपातही कण्याची कल्पना फार उशिरा पुढे आली. ॲरिस्टॉटलने रक्त असलेले आणि रक्त नसलेले असा भेद केला होता. लिनियसने १७५८ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांचे सहा वर्ग केले. त्यांपैकी चार आपल्या पृष्ठवंशींचे होते, पण त्या चौघांना एकत्र बांधणारे नाव मात्र त्याच्याकडे नव्हते. आपण ज्याला देवमासा म्हणतो त्याला त्यानेही आधी माशांतच घातले होते. या आवृत्तीत त्याने तो सस्तनांत नेला आणि शार्क मासे मात्र उभयचरांत ढकलले! अठराव्या शतकाच्या अखेरीस लामार्कने 'कण्याचे' आणि 'बिनकण्याचे' असा स्पष्ट विभाग केला. कुव्हिए याने १८१२ मध्ये प्राणिसृष्टीच्या चार मूळ शाखा सांगितल्या, त्यांत पृष्ठवंशींची एक स्वतंत्र शाखा मानली. म्हणजे आपल्याकडे पेशवाई संपत आली त्या सुमारास हा विभाग रूढ होत होता.

आता मद्रासकडे येऊ. फोर्ट सेंट जॉर्ज या किल्ल्यात एडवर्ड बकली नावाचा शल्यवैद्य होता. त्याने किल्ल्याच्या आसपासच्या पक्ष्यांची चित्रे व वर्णने लंडनला धाडली. जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचा पक्षी व मासे यांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला जोडून ही मद्रासच्या पक्ष्यांची यादी छापली गेली. भारतातील पक्ष्यांची शास्त्रीय म्हणता येईल अशी ही पहिली यादी. यादी तोकडी होती, पण तिच्यासारख्या नोंदींमुळे मद्रासचे नाव शास्त्रात शिरले ते कायमचे. पाण्याच्या कडेला शेपटी वरखाली करीत फिरणारा जो थोरला धोबी पक्षी आपण महाराष्ट्रातही सर्वत्र पाहतो, त्याच्या शास्त्रीय नावात 'मदेरास्पातेन्सिस' हा शब्द आहे. त्याचा अर्थ 'मद्रासचा' एवढाच. नाशिकच्या गोदावरीवरचा धोबीही त्या हिशेबाने मद्रासचाच रहिवासी!

त्यानंतरचे मोठे नाव पॅट्रिक रसेल या वैद्याचे. तो १७८० नंतर विशाखापट्टणला आला आणि १७८५ मध्ये मद्रास सरकारचा निसर्गशास्त्रज्ञ झाला. सरकारपुढचा प्रश्न साधा, पण जिवावरचा होता. साप चावून माणसे मरत, आणि चावलेला साप विषारी होता की नव्हता हेच कळत नसे. लिनियसच्या पद्धतीत सापांची ओळख पोटावरच्या व शेपटीखालच्या खवल्यांच्या संख्येवरून पटविली जाई. रसेलने खवले इमानाने मोजले, पण केवळ खवल्यांच्या मोजणीने विषारी व बिनविषारी वेगळे होईनात. मग त्याने दात तपासले, कोंबड्यांना व कुत्र्यांना साप चाववून विषाचे परिणाम नोंदले आणि १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण जिला घोणस म्हणतो, तिची ओळख त्याने तेलुगू नावाने करून दिली आहे : 'काटुक रेकुल पोडा'. पुढे इंग्लंडमध्ये शॉ याने तिला रसेलचे नाव दिले आणि तेलुगू नाव मागे पडले. १८०३ मध्ये रसेलने विशाखापट्टणच्या दोनशे माशांचे वर्णन छापले. त्यातही कोळ्यांच्या तोंडची तेलुगू नावे त्याने जशीच्या तशी ठेवली. परकी माणसाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले, हे खरे. पण त्याने ऐकले, आणि लिहिले.

मराठी श्रोत्यांना येथे तंजावरची आठवण होणे स्वाभाविक आहे. भोसले घराण्यातील सरफोजी राजे हे १७९८ मध्ये गादीवर येण्यापूर्वी काही वर्षे मद्रासला राहिले होते. पाश्चात्त्य विद्येची त्यांना गोडी होती. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी शरीररचनाशास्त्राचे व निसर्गशास्त्राचे युरोपीय ग्रंथ जमविले, आणि आपल्या पदरच्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रेही काढवून घेतली. या चित्रांतून एखादे वर्गीकरण निघाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि कावेरीकाठी एका मराठी दरबारात पक्ष्याचे पीस न् पीस न्याहाळून रंगविले जात होते, एवढे खरे.

परंतु मद्रासच्या या परंपरेत मला सर्वांत जवळचा वाटतो तो वॉल्टर इलियट. तो वैद्य नव्हता, लष्करी नव्हता, मुलकी नोकर होता. कचेरीतले काम उरकून उरलेल्या वेळात विद्येचा उद्योग करणाऱ्या माणसाविषयी माझ्यासारख्या सरकारी नोकराला आपुलकी वाटली, तर श्रोत्यांनी ती समजून घ्यावी. इलियटचा जन्म १८०३ चा. विशीच्या आतच तो मद्रासच्या नोकरीत आला आणि १८२३ मध्ये धारवाडला नेमला गेला. पेशवाई बुडून पाचच वर्षे झाली होती. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दरम्यानच्या त्या मुलखाला कंपनीच्या कागदपत्रांत 'दक्षिण मराठा देश' म्हणत. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरची राणी चन्नम्मा हिच्या सैन्याशी झालेल्या चकमकीत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, आणि इलियट व त्याचा एक सहकारी कित्तूरच्या किल्ल्यात कैद झाले. काही आठवड्यांनी त्यांची सुटका झाली. एवढे झाल्यावर त्या प्रांतातून बदली मागून घेणारा अधिकारी आपण समजू शकलो असतो. इलियट तेथे १८३३ पर्यंत राहिला, लोकांच्या भाषा शिकला, शिलालेखांचे ठसे घेतले, नाणी जमविली, आणि उंदीर पकडविले.

उंदीर हा शब्द मी हेतुपुरस्सर शेवटी उच्चारला. वाघ, गवा, कोळसून यांच्याकडे कोणाही साहेबाचे लक्ष जाई, कारण ते शिकारीचे प्राणी. कोळसुनाचे दख्खनमधील वर्णन तर पुण्याकडे काम करणाऱ्या साइक्सने १८३१ मध्येच शास्त्रज्ञांपुढे ठेवले होते. उंदराकडे मात्र कोण पाहतो? पण महसूल वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला उंदराकडे पाहावेच लागते. १८२६ मध्ये त्या भागात पाऊस अपुरा पडला. एरवी काळ्या जमिनीच्या भेगांत राहणारे उंदीर पावसाळ्यात बुडून मरतात, ते त्या वर्षी मेले नाहीत. त्यांची संख्या इतकी वाढली की पेरलेले बी ते उकरून खाऊ लागले, आणि कणसे भरल्यावर जोंधळ्याच्या ताटांवर चढून कणसे खुडू लागले. शेतकऱ्यांनी वडारांना बोलाविले. इतके डझन उंदीर मारले की इतके माप धान्य, असा ठराव झाला. वडारांनी हजारोंनी उंदीर मारले, तरी ते कमी झाल्यासारखे दिसेनात. ही हकीकत इलियटने स्वतः लिहून ठेवली आहे.

वडार ही आपल्या परिचयाची जमात. माती खणणे, तळी व विहिरी खोदणे, दगड फोडणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि घरी बोली तेलुगू वळणाची. त्यांना उंदराचे मांस चाले, शिवाय उंदरांच्या बिळांत साठविलेले धान्यही ते काढून घेत. ज्याला जमीन खणून पोट भरायचे आहे, त्याला कोणते बीळ कोणाचे, त्याचे तोंड कसे असते, आत धान्य सापडेल की नाही, हे कळावेच लागते. म्हणून ज्या प्राण्यांना शहरातला माणूस एकाच 'उंदीर' या शब्दात गुंडाळून टाकतो, त्यांना वडारांकडे निरनिराळी नावे होती. मऊ केसांचा, काळ्या रानात राहणारा तो मेत्ताडे. खडकाळ जागेतला, काटेरी केसांचा छोटा तो लेग्गाडे. इलियटने हे नमुने जमवून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले. तेथे जॉन एडवर्ड ग्रे याने १८३७ मध्ये त्यांचे वर्णन केले, आणि नवी नावे देताना धारवाडची नावे तशीच लॅटिनच्या पंगतीला बसविली. मेत्ताडेचे 'मेल्टाडा' झाले, लेग्गाडेचे 'लेग्गाडा', आणि झुडपांत घर करणाऱ्या उंदराच्या 'गुलंदी' या स्थानिक नावाचे 'गोलुंडा'. शेतातल्या चिमुकल्या उंदराचे 'बूडुगा' हे नावही असेच स्थानिक बोलीतून आलेले आहे. 'लेग्गाडा' हे प्रजातिनाम पुढे शास्त्रज्ञांनी रद्द केले, पण 'मेल्टाडा', 'गोलुंडा' आणि 'बूडुगा' आजही जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आहेत.

इलियटची स्वतःची यादी १८३९ मध्ये 'मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स' या नियतकालिकात आली. तिच्या शीर्षकातच असे म्हटले आहे की, दक्षिण मराठा देशातील सस्तन प्राण्यांची ही सूची, तेथे चालणाऱ्या देशी भाषांतील त्यांच्या नावांसह आहे. त्या काळी दक्षिणेतील सस्तनांची इतकी काळजीपूर्वक केलेली यादी दुसरी नव्हती. पुढे जर्डनने १८६७ मध्ये भारतातील सस्तनांचा मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा उंदरांच्या प्रकरणात तो पानोपानी इलियटचाच आधार घेतो. आणि इलियटने दिलेली वडारी नावेही नोंदवतो, हे विशेष.

येथे कोणी विचारील की, नावे सांगणे म्हणजे वर्गीकरण करणे नव्हे. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. सस्तन म्हणजे काय, कृंतक म्हणजे काय, सतत वाढणाऱ्या पुढच्या दातांवरून उंदीर व खार एका गणात का घालायचे, हे वडारांनी सांगितले नाही. ते लंडनमध्ये कवट्या व दात मांडून ठरले. परंतु हा प्राणी त्या प्राण्याहून वेगळा आहे, हे वर्गीकरणातले पहिले आणि सर्वांत अवघड पाऊल असते. ते धारवाडच्या शेतात, बिळाच्या तोंडाशी, आधीच पडलेले होते. ग्रेने मोहोर उठविली ती त्याच्यावर.

लोकांनी दिलेले नाव आणि शास्त्राने ठरविलेले स्थान यांतला पेच आणखी स्पष्ट दिसतो तो एका छोट्या प्राण्यात. नेल्लोर आणि कडप्पा यांच्या मधल्या डोंगरांतून इलियटला एक खारीएवढा, झुबकेदार शेपटीचा, टोकदार तोंडाचा प्राणी मिळाला. वॉटरहाउसने १८५० च्या सुमारास त्याचे वर्णन करून त्याला इलियटचे नाव दिले. तमिळमध्ये त्याला 'मूंगिल अणत्तान' म्हणतात, म्हणजे बांबूतली खार. पुढे १९१३ मध्ये त्याची स्वतंत्र प्रजाती मानली गेली, तेव्हा त्या तमिळ नावावरून तिला 'अनाथाना' असे नाव मिळाले. अशा रीतीने एका चिमुकल्या जनावराच्या नावाचा पहिला शब्द तमिळ लोकांचा आणि दुसरा मद्रासच्या एका मुलकी अधिकाऱ्याचा झाला. पण तो प्राणी आहे तरी कोण? दात पाहता तो खार नव्हे, म्हणून त्याला चिचुंद्रीच्या जवळ, कीटकभक्षकांत बसविले. विसाव्या शतकात मेंदू व डोळ्यांची खोबणी पाहून काही थोर शास्त्रज्ञांनी त्याला व त्याच्या भाईबंदांना थेट वानरांच्या गणात नेऊन बसविले. अखेर तेथूनही त्यांना उठविले आणि त्यांचा एक स्वतंत्रच गण केला. शंभरसव्वाशे वर्षांत तीन घरे बदलणारा हा प्राणी मात्र त्या सर्व काळात बांबूच्या बेटातून किडे टिपत हिंडत होता.

देवमाशांच्या बाबतीत पेच उलटा आहे. तेथे लोकभाषेने चुकीचा कप्पा दिला आणि हाडांनी तो दुरुस्त केला. इलियट पुढे आंध्र किनाऱ्यावरच्या उत्तर सरकार प्रांताचा कमिशनर झाला. विशाखापट्टणला कोळ्यांच्या हाती लागलेले दोन जलचर त्याने १८५२-५३ च्या सुमारास मिळविले आणि त्यांची हाडे व चित्रे विलायतेला पाठविली. रिचर्ड ओवेनने १८६६ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांतला एक बोथट तोंडाचा डॉल्फिन. आज त्याला इरावती नदीचे नाव चिकटले आहे आणि ओडिशातील चिलिका सरोवरात तो पाहण्यासाठी लोक जातात, पण शास्त्राला तो प्रथम मिळाला विशाखापट्टणच्या बंदरात. दुसरा होता बुटका स्पर्म व्हेल. दोघेही दिसायला मासे, आणि 'देवमासा' या शब्दाने आपली भाषाही तसेच म्हणते. पण त्यांना कल्ले नाहीत. श्वासासाठी त्यांना पृष्ठभागावर यावे लागते. ते पिलांना दूध पाजतात, त्यांचे रक्त उष्ण असते. माशाची शेपटी डावीउजवीकडे हलते, यांची खालीवर, जशी धावणाऱ्या घोड्याची पाठ वाकते तशी. एगमोरच्या सरकारी संग्रहालयात १८७४ मध्ये मंगळूरच्या किनाऱ्याला लागलेल्या एका देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. त्याच्या बाजूच्या वल्ह्यासारख्या अवयवाकडे थोडा वेळ पाहिले की आत दंड, मनगट आणि बोटे यांची हाडे दिसू लागतात. लहान मुलांना हे दाखवावे, त्यांना ते मोठ्यांपेक्षा लवकर दिसते.

हे संग्रहालय १८५१ मध्ये स्थापन झाले. एडवर्ड बालफोर हा लष्करी शल्यवैद्य त्याचा पहिला प्रमुख. संग्रह आधी कॉलेज रोडवरच्या इमारतीत होता, १८५४ च्या अखेरीस तो एगमोरच्या पँथियन या वास्तूत गेला. बालफोरने संग्रहालयाच्या आवारात जिवंत प्राणीही ठेवले. मद्रासच्या प्राणिसंग्रहालयाचा उगम तोच. लोक जिवंत वाघ पाहायला येत आणि पेंढा भरलेले पक्षीही पाहून जात. माशांचे काम फ्रान्सिस डे याने केले. तोही मद्रासच्या वैद्यकीय खात्यातला. १८७५ ते १८७८ या काळात त्याचा भारतीय माशांवरचा ग्रंथ निघाला, आणि १८८९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, आलेल्या दोन खंडांत त्याने चौदाशेहून अधिक जाती वर्णिल्या. पाण्याबाहेर येऊन हवा घेणाऱ्या माशांवरही त्याने लिहिले. मासा म्हटला की पाण्यातच श्वास घेणार, ही व्याख्या दक्षिणेतल्या तळ्यांत टिकत नव्हती.

मात्र याच संग्रहालयात वर्गीकरणाच्या छंदाने एक वेगळे वळण घेतले, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १८८५ ते १९०८ या काळात एडगर थर्स्टन संग्रहालयाचा प्रमुख होता. आरंभी त्याने रामेश्वरच्या समुद्रातील जीवसृष्टीवर चांगले काम केले. पुढे त्याने मापाची पट्टी माणसांना लावली. डोक्याची लांबीरुंदी, नाकाची उंची व रुंदी मोजून जातिजमातींचे स्वभाव व दर्जे ठरविता येतात, अशी त्या काळच्या पुष्कळ युरोपीय विद्वानांची समजूत होती. थर्स्टनने के. रंगाचारी यांच्या साहाय्याने १९०९ मध्ये दक्षिणेतील जातिजमातींचे सात खंड प्रसिद्ध केले. त्यांच्या पाचव्या खंडात 'ओड्डे' या शीर्षकाखाली वडारांची नोंद आहे. सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी धारवाडच्या उंदरांची नावे सांगितली, त्यांचीच जमात आता एका सूचीतील कलम झाली. त्या खंडांत माहिती पुष्कळ आहे, चालीरीतींच्या नोंदी मोलाच्याही आहेत. परंतु नाकाच्या मापावरून माणसाची प्रत ठरविण्याची ती विद्या खोटी होती, हे आता निर्विवाद सिद्ध झालेले आहे. उंदरांच्या दोन जातींत असतो तसा भेद माणसामाणसांत नाही. मानव ही एकच जाती आहे. वडार समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या सूचीत आहे. सूचीतून सूचीत असा या लोकांचा प्रवास झाला आणि पहिल्या सूचीत ते माहिती देणारे होते, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. इलियटनेही जमातीचे नाव लिहिले, माणसाचे लिहिले नाही. सरकारी टिपणांची ही रीत जुनीच. सही साहेबाची असते, आणि रानात कोण गेला ते समासातही येत नाही.

कण्याच्या व्याख्येचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. गर्भावस्थेचा अभ्यास वाढला तसे दिसून आले की, कणा हे मूळ लक्षण नव्हे. त्याच्या आधी पाठीतून एक लवचिक दोरीसारखी काठी तयार होते, तिला पृष्ठरज्जू म्हणतात. तिच्यावरून पोकळ चेतारज्जू जातो, घशाच्या बाजूंना कल्ल्यांच्या फटी उमटतात आणि गुदद्वाराच्या मागे शेपूट असते. माणसाच्या गर्भातही या खुणा काही काळ असतात. कणा नंतर त्या रज्जूभोवती बनतो. आज पृष्ठवंशींच्या सत्तर हजारांच्या आसपास जाती ज्ञात आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मासे आहेत. पाच वर्गांची जुनी चौकटही सैल झाली आहे. चेन्नईच्या दक्षिणेस, महाबलीपुरमच्या रस्त्यावर, वडनेम्मेली येथे रोम्युलस व झाई व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये मगरींचे संवर्धनकेंद्र सुरू केले. तेथे तळ्याकाठी जबडा उघडून पडलेली मगर पाहताना तिला सरड्याची थोरली बहीण समजू नये. तिच्या हृदयाला चार कप्पे आहेत, ती घरटे करते, पिलांची राखण करते, आणि वंशावळीने ती सरड्यापेक्षा तिच्या डोक्यावरून उडणाऱ्या बगळ्याला अधिक जवळ आहे. सह्याद्रीच्या ओल्या मातीतले देवगांडूळ असेच फसवे. नावाने गांडूळ, दिसायला साप, पण कणा असलेला आणि बेडकाच्या गोतातला.

नव्या शास्त्रातही जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. ज्या जर्डनचा उल्लेख वर आला, त्याने १८४८ मध्ये आंध्रातील काटेरी झुडपांतून एक निशाचर धाविक पक्षी नोंदविला होता. १९०० नंतर तो कोणाला दिसला नाही, आणि नामशेष झाला असे पुष्कळांनी मानले. १९८६ च्या जानेवारीत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शोधपथकाला तो कडप्पाच्या रानात सापडला. पथकाने पक्षी धरणाऱ्या स्थानिक लोकांना चित्र दाखवून विचारले होते, आणि पहिला पक्षी हाती आला तो त्यांच्यापैकीच एकाने रात्री विजेरीच्या उजेडात धरल्यामुळे. शास्त्राला शहाऐंशी वर्षे हरवलेला पक्षी त्यांच्या लेखी कधी हरवलाच नव्हता. त्याला त्यांचे नावही होते, कलिवी कोडी.

आणि चेन्नईच्या परिसरात इरुळर आहेत. साप व उंदीर पकडण्यात या आदिवासी जमातीचा हात कोणी धरणार नाही. एके काळी सापांच्या कातड्यांच्या व्यापारावर त्यांचे पोट होते. १९७० च्या दशकात कायद्याने तो व्यापार बंद झाला, तेव्हा हजारो लोकांपुढे उपासमार उभी राहिली. व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुळर सर्पग्राहकांची सहकारी संस्था निघाली. साप मारायचा नाही, त्याचे विष काढायचे आणि प्रतिविष बनविणाऱ्यांना विकायचे, असे तिचे काम. २०१७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दलदलीत बेसुमार वाढलेले अजगर शोधायला दोन इरुळर गृहस्थांना मुद्दाम नेले होते. तेथील तज्ज्ञांना जे सापडत नव्हते, त्यांतले डझनाहून अधिक अजगर या दोघांनी पहिल्या दोन आठवड्यांत काढून दिले. वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन ही त्यांची नावे. २०२३ मध्ये भारत सरकारने दोघांनाही पद्मश्री दिली. यादीत या वेळी माणसांची नावे आली.

वडनेम्मेलीच्या या संस्थेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे असे चार विषारी साप मातीच्या मडक्यांत, तोंडाला फडके बांधून ठेवतात. तीनचार आठवडे ठरावीक अंतराने त्यांचे विष काढतात आणि मग त्यांना रानात सोडतात. सोडण्यापूर्वी पोटावरचे एकदोन खवले किंचित कातरतात. हे तेच खवले, जे लिनियस मोजत असे आणि ज्यांवरून रसेलला विषारी-बिनविषारी ठरविता येईना. इरुळरांना ते मोजावे लागत नाहीत. कातरलेली खूण काही कात टाकीपर्यंत टिकते, आणि तेवढ्या अवधीत तीच घोणस पुन्हा हाती आली, तर पोट पाहून तिला तेथल्या तेथे सोडून देतात.